हयातीचा दाखला

नोव्हेंबर उजाडला, की आता मलाही मी जिवंत असल्याचे कळवावे लागते. बँकेतून निवृत्त झालो, पेन्शनर झालो. तेव्हा हे ओघाने आलेच. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन रांगेत उभे राहावे लागे. आता नातू मोबाइल माझ्या तोंडासमोर धरतो, "आजोबा, डोळे मिटा, उघडा" म्हणतो आणि दोन मिनिटांत माझ्या हयातीवर शिक्कामोर्तब होते. दरवर्षी त्या दोन मिनिटांत मला एक हवालदार आणि त्यांची बायको आठवते.

१९८८ साली माझी बदली तुळजापूर तालुक्यातल्या, नळदुर्गच्या बाजूच्या एका शाखेत झाली. तिशीतला अधिकारी, टेबलावर लेजरांचा ढीग आणि समोर शेतकऱ्यांची गर्दी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या गर्दीत एक म्हातारा यायचा. धोतर नीटनेटके, पायांत चकचकीत पॉलिश केलेले काळे बूट. बाकावर जागा असली तरी बसायचा नाही. नंबर लागेपर्यंत ताठ उभा. सगळे त्यांना हवालदार म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

एकदा वीज गेली, काम थांबले, तेव्हा मी विचारले, "हवालदार, कोणती पलटण?"

"जंगी पलटण," ते म्हणाले. जणू त्यापुढे काही सांगायची गरजच नव्हती.

मला मात्र गरज होती. पुढे हळूहळू वाचत गेलो. मराठा लाइट इन्फन्ट्रीची ही पहिली पलटण ईस्ट इंडिया कंपनीने ऑगस्ट १७६८ मध्ये मुंबई बेटाच्या रक्षणासाठी उभी केली. त्या वेळी पुण्यात पेशवाई नांदत होती. म्हणजे इथल्याच मातीतली माणसे दोन्ही बाजूंना! पोट आणि पराक्रम यांची अशी सांगड आपल्या इतिहासात फार ठिकाणी दिसते. तिची पाठची बहीण 'काळी पाचवी'. बलुचिस्तानातले काहानचे ठाणे तिने १८४० साली वेढ्यात नेटाने लढवले आणि पुढच्याच वर्षी तिला 'लाइट इन्फन्ट्री' हा मान मिळाला. लाइट इन्फन्ट्री म्हणजे हलके पायदळ : पुढे धावणारे, पांगून लढणारे, बिगुलाच्या इशाऱ्यावर हलणारे. म्हणून आजही या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर बिगुल आहे.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या. डिसेंबर १९१५ पासून कुत येथे तुर्कांनी त्यांना वेढले. उपासमार, आजार, आणि अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती. कैदेतून पुष्कळजण परतलेच नाहीत. त्या वेढ्यात होती त्या ११७ व्या पलटणीला पुढे 'रॉयल' हा किताब मिळाला. १९२२ साली या सगळ्या पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि बेळगाव हे त्यांचे घर झाले.

हवालदारांना यातले काही सांगता आले नसते. त्यांना त्यांच्या वाट्याचे युद्ध माहीत होते. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या मुलखात, सोलापूर इंग्रजांच्या. "सोलापूरच्या बाजाराला गेलो आन् पलटणीत शिरलो," ते सांगत. साल १९४१. वय एकोणीस. तिथून थेट इटली.

९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीवर त्यांच्या जंगी पलटणीतले नामदेव जाधव लढले. अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा हा शिपाई. पुढे गेलेली तुकडी जवळजवळ कापली गेली, तेव्हा त्याने दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले. मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांचा जयजयकार करीत मागच्यांना पुढे बोलावले. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात मराठ्यांच्या तिसऱ्या पलटणीतले यशवंत घाडगे असेच एकटे मशीनगनवर धावून गेले. गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांनाही मिळाला, पण तो घ्यायला ते उरले नव्हते.

"तुम्ही पाहिलं का जाधवांना?" मी हवालदारांना विचारले.

"त्या दिशी कोन कुनाला बघतंय, साहेब? म्या पानी बघत हुतो. लई गार हुतं."

एवढेच. शौर्याची गोष्ट ऐकायला बसलेल्या माझ्या हाती थंडगार पाणी आले.

आणखी एकदा मुक्तिसंग्रामाचा विषय निघाला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली. पहिली झटापट आमच्या नळदुर्गलाच झाली. बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधी फौजेने ताब्यात घेतला. रणगाडे जळकोटवरून दुपारी उमरग्यात पोचले, तुळजापूरही पडले. १७ सप्टेंबरला निजामाने हत्यार ठेवले. हवालदार तेव्हा पलटणीसोबत कुठेतरी दूर होते. "समदं जग सोडवाया गेलो," ते म्हणाले, "आन् गाव सुटलं तवा म्या गावात नव्हतो." आवाज बदलला नव्हता, पण त्या दिवशी ते पहिल्यांदाच बाकावर बसले.

१९९० च्या पावसाळ्यात हवालदार गेले. पंधरा दिवसांनी त्यांची बायको आली. हातात कापडी पिशवी, तिच्यात डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, दोन पदके. कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज मी पाहिला आणि थांबलो. पलटणीच्या कागदावर बायकोचे नाव एक, रेशनकार्डावर दुसरे. लग्नात नाव बदलण्याची आपली जुनी रीत. हवालदारांनी पलटणीत नोंदवले ते माहेरचे नाव. सासरी तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती.

मी त्या बाईंना दोन वर्षे ओळखत होतो. हवालदारांच्या मागे दोन पावले चालत त्या बँकेत यायच्या. तरीही नियमावर बोट ठेवून मी सांगितले, "आजी, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा पुरावा आणा."

त्या पुरावा आणत राहिल्या. तलाठ्याचा दाखला, सरपंचाचे पत्र, पोलीस पाटलाची सही. मी प्रत्येक कागद वरच्या कार्यालयात पाठवत राहिलो आणि तो परत येत राहिला. त्या काळात त्यांनी म्हैस विकली, हे मला नंतर कळले. सात-आठ महिन्यांनी त्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. "साहेब, म्या जित्ती हाय का न्हाई ह्ये तुमी इचारता, त्ये ठीक. पर म्या कोन हाय, ह्येचा दाखला म्या कुटून आनू? त्यो देनारा तर गेला."

त्या रात्री मी स्वतः बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिले. हे पहिल्याच दिवशी करता आले असते. पुरावा तिने आणायचा, असे मी धरून चाललो होतो. उत्तर आले. लग्नाची जुनी नोंद त्यांनी शोधून काढली होती : वधूचे नाव, तिच्या वडिलांचे नाव, माहेरचे गाव. तिच्या माहेरच्या दाखल्याशी ते सगळे तंतोतंत जुळले. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका शिपायाच्या लग्नाची आठवण पलटणीने जपून ठेवली होती. माझ्या शाखेतल्या कपाटात मात्र ती बाई अनोळखी होती.

थकबाकीसह रक्कम मिळाली, त्या दिवशी आजींनी पदरातून मूठभर भुईमुगाच्या शेंगा काढून माझ्या लेजरवर ठेवल्या. रागाचा एक शब्दही नाही. त्या शेंगा मला आजही पचलेल्या नाहीत.

दर ४ फेब्रुवारीला, सिंहगड सर झाल्याची आठवण म्हणून, ही रेजिमेंट 'मराठा दिन' साजरा करते. आपण टीव्हीवर संचलन पाहतो, छाती भरून येते. ती येऊ द्यावी. पण पलटण म्हणजे नुसते संचलन नव्हे. तिच्या मागे घरोघरी अशा पिशव्या आहेत, आणि त्या घेऊन दोन नावांच्या बायका रांगेत उभ्या आहेत. तुमच्या घरात, शेजारात कुणी पेन्शनर असेल, तर आज रविवारच आहे. त्यांचे कागद काढा आणि बायकोचे नाव सगळीकडे एकच आहे ना, एवढे पाहा. नसेल तर ते हयात आहेत तोवर दुरुस्त करून घ्या.

मीही माझे कागद काढून पाहिले. बायकोचे नाव माझ्या पेन्शनच्या कागदावर चुकले होते.