शब्द तोच, वाद्य निराळे



काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या एका अर्जाचे इंग्रजी भाषांतर झाले. अर्ज बदली कामगारांचा होता. म्हणजे कायम माणूस रजेवर गेला की त्याच्या जागी उभे राहणाऱ्यांचा. भाषांतरकाराने तो 'बदली झालेल्या' कामगारांचा केला. झाले! वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या जागेवर राबणारी माणसे कागदावर एका खात्यातून दुसऱ्या खात्यात हलवलेली कायम माणसे ठरली. ती चूक निस्तरण्यात सात महिने गेले आणि तेवढ्यात दोघे कंटाळून गावी निघून गेले. भाषांतरकाराचा शब्द कोशात होता. त्या शब्दामागचा माणूस मात्र त्याने पाहिला नव्हता.

तेव्हापासून हत्यारांची आणि धंद्यांची नावे एका भाषेतून दुसरीत जाताना काय होते, हे पाहण्याचा मला नाद लागला. वाद्य हे वाजवणाऱ्याचे हत्यारच. म्हणून आज जरा दूरचे उदाहरण घेतो : मध्ययुगीन कॅटलन भाषेतील धर्मग्रंथांत येणारी वाद्यांची नावे.

कॅटलन ही बार्सिलोना, व्हॅलेन्सिया आणि मायोर्का बेट या भागांतली, लॅटिनपासून निघालेली स्वतंत्र भाषा. मायोर्का आणि व्हॅलेन्सिया येथे आधी मुसलमानी सत्ता होती. पहिल्या जाउमे राजाने मायोर्का शहर १२२९ साली आणि व्हॅलेन्सिया १२३८ साली घेतले. राज्य बदलले, पण वाद्यांची अरबी नावे राहिली. 'अल्-ऊद'चा 'ल्याउत' झाला, 'रबाब'चा 'रबेक', 'तब्ल'चा 'तबाल'. हा 'तब्ल' आपल्याकडेही आला आणि आपल्या तबल्याचे नाव त्याच्याशीच जोडलेले आहे. पण म्हणून कॅटलन 'तबाल' म्हणजे तबला नव्हे. तो काठीने बडवायचा ढोल. नाते नावाचे आहे, वाद्याचे नाही.

धर्मग्रंथांची अडचण याहून मोठी. बायबलातले १५० वे स्तोत्र घ्या. सर्व वाद्यांनी देवाची स्तुती करा, असा त्याचा आशय. मूळ हिब्रू, त्यावरून ग्रीक, त्यावरून लॅटिन आणि लॅटिनवरून कॅटलन, असा त्याचा प्रवास. हिब्रूत एके ठिकाणी नाचाचा शब्द आहे. लॅटिनमध्ये तो 'कोरुस' झाला, म्हणजे नाचगाण्याचा मेळा. पुढे संत जेरोमच्या नावावर खपलेल्या, पण प्रत्यक्षात नवव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या एका पत्राने सांगितले, की 'कोरुस' म्हणजे कातड्याची पिशवी व तिला पितळेच्या दोन नळ्या. एकीतून फुंकायचे, दुसरीतून आवाज निघतो. नाचाचे चक्क वाद्य झाले! मध्ययुगातल्या भाषांतरकारापुढे हे दोन्ही अर्थ उभे होते. आज आपण त्याचे लिखाण मराठीत आणताना मूळ हिब्रूकडे धावून त्याची चूक सुधारायची नाही. त्याने काय समजून लिहिले, ते पाहायचे.

तशीच गोष्ट 'ओर्गानुम'ची. संत ऑगस्टीन सांगतो, की हा सर्व वाद्यांना लागू पडणारा सामान्य शब्द, परंतु भात्याने फुगवायच्या वाद्याला तो म्हणण्याची रूढी पडली आहे. कॅटलनमध्ये त्याचा 'ओर्ग' झाला. बार्सिलोनाच्या कलासंग्रहालयात पेरे सेर्राने सुमारे १३८५ साली रंगवलेले देवमातेचे चित्र आहे. तिच्याभोवती देवदूत वाद्ये वाजवीत आहेत, आणि त्यांत छोटा ओर्गही आहे. या जातीच्या ओर्गाचा भाता डाव्या हाताने चालवीत आणि पट्ट्यांवर उजवा हात फिरवीत. आपल्याला चटकन पेटी आठवते. पण पेटीत धातूच्या पट्ट्या थरथरतात, ओर्गात उभ्या नळ्या वाजतात. हात तोच, आवाज निराळा. 'पेटी' लिहिले तर वाचकाला भजनाचा आवाज ऐकू येईल, बासरीच्या जवळचा तो आवाज नव्हे.

मग करायचे काय? माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. वाद्य कशाने वाजते : फुंकून, छेडून, गजाने की ठोकून? ते कोण आणि कुठे वाजवतो? आणि वाक्यात त्याचे काम काय? 'साल्तिरी' ही तारा ताणलेली चपटी पेटी, बोटांनी किंवा पिसाच्या दांडीने छेडायची. तिला आपले स्वरमंडळ पुष्कळ जवळचे, तेथे आपला शब्द खुशाल घ्यावा. 'व्हिओला' त्या काळी गजाने वाजवायच्या तंतुवाद्यांचे नाव होते, आजच्या वाद्यवृंदातला व्हिओला नव्हे. तेथे मूळ नाव ठेवून 'गजाने वाजवायचे' एवढे एकदा सांगावे. स्तोत्रात मात्र वाद्यांचा साठा मोजायचा नसतो. एकही वाद्य मागे राहू नये, असा भरगच्च घोष उठला पाहिजे. तेथे वर्णन घुसडले, तर घोष बंद पडतो.

मोन्सेर्रातच्या मठातले 'तांबडे पुस्तक' सुमारे १३९९ चे. देवळात जागर करणाऱ्या यात्रेकरूंना गावे-नाचावेसे वाटते, म्हणून ही सोज्ज्वळ गाणी दिली आहेत, असे त्यातच लिहिले आहे. रात्रभर जागणारी ती साधी माणसे पंढरीच्या वाटेवर दिंडी पाहिलेल्या आपल्याला परकी वाटू नयेत. पण म्हणून त्यांच्या हाती टाळ-मृदंग देऊ नये. त्यांच्या हातात जे होते तेच राहू द्यावे आणि ते आपल्या वाचकाला दिसेल असे करावे. माणसाच्या हातातले हत्यार भाषांतरात बदलले, की माणूसच बदलतो. ही गोष्ट मला त्या सात महिन्यांनी शिकवली.