मेंढपाळांचा बदलता व्यवहार
हिंगोली जिल्ह्यात हटकर-धनगर समाजाची वस्ती मोठी आहे. त्यातले बरेच जण शेतीत स्थिरावले असले, तरी राज्यातले अनेक धनगर आजही पावसाळा सरला की मेंढ्या घेऊन चाऱ्यासाठी गाव सोडतात. कापणीनंतर रिकाम्या रानात कळप बसवायचा आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे, ही जुनी रीत. कारखान्यांच्या स्वस्त ब्लँकेटांनी घोंगडीचा बाजार आटवला. आता मिळकत मुख्यतः मांसासाठी विकलेल्या मेंढ्यांवर चालते. पुढच्या मुक्कामाची बोलणी मोबाइलवर होतात. सिंचनाने दुबार पिके वाढली, तशी मोकळी राने घटली. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आहे. या निमित्ताने गावोगावची गायराने राखूया, चराईच्या वाटा मोकळ्या ठेवूया.