दापुऱ्याची बोली, वांद्र्याचं कीर्तन

मूर्तिजापुरात 'मला' म्हणणारा माणूस परका वाटतो, आमच्याकडे 'मले'. जुन्या पिढीच्या तोंडी 'शाळा' नसते, 'शाया' असते. हे बोलणं दुरुस्त करून घेण्यात आमचं अर्धं बालपण गेलं. ज्यांनी ते कधीच दुरुस्त केलं नाही, ते गाडगेबाबा आमच्याच तालुक्यात लहानाचे मोठे झाले. वडील गेल्यावर आई सखुबाई लेकराला, डेबूला, घेऊन माहेरी, दापुऱ्याला आली. मामाच्या घरी गुरं राखत, नांगर धरत डेबू वाढला. शाळेची पायरी त्यानं चढली नाही.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत, वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात बाबांचं कीर्तन झालं आणि ते ध्वनिमुद्रित झालं. त्यानंतर ४२ दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. आयुष्यभर गावोगाव घुमलेल्या त्या वाणीतलं एवढंच आज आपल्या कानावर पडतं.

बाबांवर लिहिलं गेलं पुष्कळ. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचं चरित्र लिहिलं. पण बाबांच्या कीर्तनाचं शब्दचित्र काढणं आपल्या ताकदीबाहेरचं, अशी कबुलीही दिली. लेखणीचा एवढा धनी असं का म्हणाला, ते ध्वनिमुद्रण ऐकताना उमगतं. बाबा सांगत नाहीत, विचारतात. देवाबद्दल विचारतात, कर्जाबद्दल, दारूबद्दल, पोरांच्या शिक्षणाबद्दल. आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढून घेतात. कागदावर राहतो फक्त प्रश्न. उत्तर देणाऱ्या गर्दीशिवाय ते कीर्तन अर्धंच, आणि मला तर गर्दीचा तो अर्धा भागच जास्त मोलाचा वाटतो. शिवाय ती बोली! मुंबईच्या श्रोत्यांसमोर बाबांनी 'ले'चा 'ला' केला नाही. छापील उताऱ्यांत मात्र कुणीतरी तो हटकून करतो.

आवाज जपण्याचं याहून कितीतरी मोठं काम पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी केलं. खेड्यापाड्यांतल्या बायांकडून त्यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. गिरणी आली, जातं थांबलं, आणि दळताना आपोआप सुचणारी ओवीही थांबली. हा संग्रह झाला नसता तर त्या बायांचं सासर-माहेर, त्यांचे राग-लोभ त्यांच्यासोबतच गेले असते.

वऱ्हाडात आवाज जपण्याचं हे काम आता नातवंडांनी हाती घ्यावं. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. फक्त प्रश्न कोणत्या बोलीत विचारता, यावर सगळं असतं. शेजारच्या आजींना मी एकदा शकुंतलेबद्दल विचारलं. मूर्तिजापूरहून अचलपूरला नि यवतमाळला जायची ती छोटी गाडी. तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावत होतं. 'आजी, तुम्हाला शकुंतला आठवते का?' आजींनी पदर सावरला, मोबाइलकडे पाहिलं, 'हो, आठवते' म्हणाल्या आणि गप्प बसल्या. थोड्या वेळानं मी पुन्हा विचारलं, 'आजी, शकुंतलेत बसली होती काय वं तू?' त्या खुदकन हसल्या. ओठांचा चंबू करून त्यांनी आधी शिट्टी वाजवून दाखवली, मग मांडीवर तळहात आपटत चाकांचा ठेका धरला, आणि त्या ठेक्यावर त्यांचं लग्नानंतरचं पहिलं माहेरपण सुरू झालं.