कवंद आणि संग्रहालयाची भिंत

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासाठी निजामशाही आणि आदिलशाही पिढ्यान्‌पिढ्या भांडत आल्या होत्या. इ.स. १६२४ च्या भातवडीच्या लढाईनंतर थोड्याच अवधीत ज्याने तो विजापूरकरांच्या हातून काढून घेतला तो मलिक अंबर जन्माने हबशी होता आणि लहानपणी गुलामांच्या बाजारात विकला गेला होता, ही गोष्ट आपल्याकडच्या शालेय इतिहासाने सांगितली आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींचे आरमारही आपल्याला बखरींतून परिचित आहे. २०१३ साली न्यूयॉर्कच्या शोंबर्ग केंद्राने भारतातील आफ्रिकी वंशाच्या लोकांवर जे प्रदर्शन भरविले, त्याचाही भर सेनापती आणि राज्यकर्ते यांच्यावरच होता. आणि ते साहजिकही आहे, कारण तहनामे, सनदा, नाणी आणि दरबारी चित्रे ज्यांच्या नावाने निघाली तेच दप्तरात शिल्लक राहिले. त्याच वंशाच्या स्त्रियांनी मात्र कागदावर काही ठेवलेले नाही. त्यांनी जे केले ते कापडावर केले, आणि तेही आधीच अंगावर वापरून विरलेल्या कापडावर.

या स्त्रिया आज उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांच्या रानावनांत राहतात. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या आणि संधी साधून घाटापलीकडच्या अरण्यात निसटलेल्या माणसांचे वंशज त्यांच्यात पुष्कळ आहेत. कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती, आणि बोली म्हणाल तर कोकणी, पण तिच्यात मराठी, कानडी आणि उर्दू इतकी मिसळलेली की आपल्यापैकी कोणालाही ती निम्मीशिम्मी समजावी. २००३ साली त्यांचा समावेश अनुसूचित जमातींत झाला. शेतमजुरी, रानातील किरकोळ उत्पन्न आणि घरकाम यांतून जो वेळ उरतो त्यात सिद्दी स्त्रिया जी गोधडी शिवतात तिला तिकडे कवंद म्हणतात.

कवंदाची रीत आपल्याकडच्या वाकळीशी मिळतीजुळती असली तरी एका बाबतीत निराळी आहे, आणि त्या बाबतीवर थोडे थांबले पाहिजे. खाली अस्तर म्हणून जुनेर पसरायचे, हे आपलेच. वर घरातल्या फाटक्या कपड्यांतून निघालेली ठिगळे लावायची, हेही आपलेच. परंतु कवंद शिवणारी बाई एका कोपऱ्यापासून आरंभ करते, कडेकडेने धावदोरा घालीत चारी बाजू फिरून येते, मग त्या फेऱ्याच्या आत दुसरा फेरा, त्याच्या आत तिसरा, आणि अशा रीतीने ठिगळे जोडीत जोडीत अखेर मध्यावर येऊन थांबते. म्हणजे जे कापड मध्यभागी बसणार ते आरंभी ठरलेले नसते; हाताशी आलेला लाल तुकडा शेजारच्या निळ्याला मानवतो की नाही, तो आडवा बसवावा की कातरून उभा, हा निर्णय सुई चालू असताना घ्यावयाचा असतो. शेवटी कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ बसतात, आणि ही फुले नसतील तर कवंद उघडे-नागडे राहिले असे त्या स्त्रिया मानतात. ऊब देण्याच्या कामी या फुलांचा काडीचाही उपयोग नाही. कुणाच्या कवंदात ख्रिस्ती क्रूस येतो, कुणाच्यात चंद्रकोर.

सोलापूरकराला हा प्रकार विशेष जाणवावा असे मला वाटते, कारण आमच्या गावाची कीर्ती ज्या चादरीवर उभी आहे तिची रीत याच्या नेमकी उलट आहे. जेकार्डच्या मागावर चादर विणायची तर नक्षी आधी आलेखाच्या कागदावर उतरते, कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पडतात, आणि पहिला धोटा फेकला जाण्यापूर्वीच शेवटच्या धाग्याचे भवितव्य निश्चित झालेले असते. त्या कारागिरीची थोरवी अचूकपणात आहे, आणि ती कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ज्या गावात १८७७ साली पहिली मोठी गिरणी उभी राहिली त्या गावाने सुताचा हिशेब चुकवून चालत नाही. पण आमच्याच गावात, चादरी विणणाऱ्यांच्याच घरांत, माजघरातल्या बायकांनी दाभण घेऊन ज्या वाकळी शिवल्या, त्यांच्याकडे आम्ही कारागिरी म्हणून कधी पाहिलेच नाही. चादर दुकानात मांडली गेली. वाकळ फडताळात राहिली.

विस्कॉन्सिन विद्यापीठातील हेन्री ड्रुअल हे आफ्रिकी कलेचे अभ्यासक. भारतातील सिद्दींचा शोध घेत ते उत्तर कन्नडमध्ये आले, कवंद पाहून थबकले, आणि २००४ साली तेथे सिद्दी स्त्रियांची गोधडी-सहकारी संस्था उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पुढे २०११ साली सान फ्रान्सिस्कोच्या आफ्रिकी स्थलांतरितांच्या संग्रहालयात ही कवंदे भिंतीवर लावली गेली. पोरांच्या अंथरुणात ज्यांचे आयुष्य जायचे त्या वस्तूंकडे लोक चार पावले मागे सरून, हात पाठीशी बांधून पाहू लागले.

अमेरिकेला हा अनुभव नवा नव्हता. अलाबामा नदीच्या एका वळणात गीज बेंड नावाचे खेडे आहे. तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांचे पूर्वज एका कापसाच्या मळ्यावर गुलाम होते, आणि मळ्याच्या मालकाचे पेटवे हे आडनावच अनेक कुटुंबांना चिकटले. त्या स्त्रियांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि त्याच वर्षाअखेर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, तेव्हा समीक्षकांना त्यांत आधुनिक अमूर्त चित्रकला दिसली. मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली पती वारल्यावर त्याच्या शेतावरच्या कपड्यांचीच गोधडी शिवली. विजारींचे गुडघे जेथे झिजले होते तेथील फिकटपणा तिच्यात तसाच आहे. पुढे १९७२ च्या सुमारास सीअर्स कंपनीने या बायकांना कॉर्डरॉयच्या उशांचे अभ्रे शिवण्याचे कंत्राट दिले, आणि उरलेल्या जाडजूड तुकड्यांमुळे तिथल्या गोधड्यांचे रूपच पालटले, कारण त्या कापडावर बारीक काम होत नाही, मोठमोठे पट्टेच शोभतात. गिरणीच्या कटपिसांवर वाढलेल्या सोलापूरकरास यात आश्चर्य वाटू नये.

शहरांत शिकलेल्या, कला हाच ज्यांचा व्यवसाय अशा कृष्णवर्णीय स्त्रियांनीही कॅनव्हास आणि संगमरवर बाजूस सारून भलत्याच वस्तू हाती घेतल्या. चकाया बुकर मोटारींचे जुने टायर कापून, पिळून त्यांची अजस्र शिल्पे करतात. सोन्या क्लार्क यांनी केशप्रसाधनांच्या व्यापारात नशीब काढलेल्या मॅडम सी. जे. वॉकर यांचे भव्य व्यक्तिचित्र हजारो काळ्या कंगव्यांतून, काहींचे दात मोडून आणि काहींचे ठेवून, साकारले. बेटी सार यांनी १९७२ साली ‘आंट जमायमा’ या नावाने बाजारात रूढ असलेल्या हसऱ्या मोलकरणीच्या बाहुलीच्या एका हाती झाडू ठेवला आणि दुसऱ्या हाती बंदूक दिली. फेथ रिंगगोल्ड यांनी तर शिवणकाम करून चरितार्थ चालविणाऱ्या आपल्या आईला बरोबर घेऊन १९८० साली पहिली गोधडी केली, आणि पुढे गोधडीवर गोष्टी चितारण्याचा एक नवाच प्रकार रूढ केला.

अशा कलाकृतींच्या वर्णनात ‘अपारंपरिक साधने’ हा शब्दप्रयोग हमखास येतो, आणि मला तो नेहमी खटकतो. बुकर यांच्यापुढे संगमरवराचाही मार्ग खुला होता. तो नाकारून त्यांनी टायर पत्करले, तेव्हा त्यांच्या बाबतीत तो शब्द चालेल. पण हल्याळच्या बाईला चिंधीखेरीज दुसरे साधन ठाऊकच नाही. आजीने तेच हाताळले, आईने तेच. तिच्या दृष्टीने जगातील सर्वांत रुळलेले साधन चिंधीच, आणि तिला अनोळखी काही असेल तर ती संग्रहालयाची पांढरी भिंत आहे. उलट बाजूने ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून पाठ थोपटणे हेही मला तितकेच अप्रस्तुत वाटते. त्यात काटकसरीचे कौतुक होते आणि नजरेचे राहून जाते. दारिद्र्याने चिंधी दिली हे खरे, परंतु कोणती चिंधी कोणत्या चिंधीशेजारी बसवावी हे दारिद्र्याने सांगितले नाही. तसे असते तर एका वाडीतल्या सगळ्या गोधड्या एकसारख्या निघाल्या असत्या. फुलांवाचून कवंद नागडे समजणारी बाई गरजेचा हिशेब केव्हाच ओलांडून गेलेली असते.

भिंतीवर चढल्याने सगळेच साधते असे मात्र नाही. गीज बेंडच्या गोधड्यांवरून २००७ साली कज्जा उभा राहिला. त्यांचे नमुने आणि नावे वापरून जो पैसा मिळाला त्यातला आपला रास्त वाटा आपल्याला पोचला नाही, अशी काही शिवणाऱ्यांची फिर्याद होती. पुढच्या वर्षी ती प्रकरणे मिटली. तथापि त्या स्त्रिया फिर्याद करू शकल्या याचे कारण त्यांची नावे गोधड्यांखाली छापली गेली होती. आपल्याकडच्या प्रदर्शनांत अजूनही पुष्कळदा ‘पारंपरिक गोधडी, अमुक जिल्हा’ एवढ्यावरच भागवले जाते, जणू काही जिल्हाच सुई घेऊन बसला होता.

ज्यांना कवंद प्रत्यक्ष पाहायचे असेल त्यांना सान फ्रान्सिस्को गाठण्याची गरज नाही. सोलापुरातून विजापूर-हुबळीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ पुढे यल्लापूरच्या रानातून अंकोल्याला उतरतो. पावसाळा संपल्यावर जावे; आणि कवंद विकत घ्यायचे झाल्यास भाव करण्याआधी शिवणारीचे नाव विचारावे, व तिची हरकत नसेल तर ते अस्तराच्या कोपऱ्यात तिच्याच हातून दोऱ्याने घालून घ्यावे.