ठिणगीच्या मागे जाऊ नका!

दोस्तांनो, कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवायचा खेळ तुमच्यापैकी पुष्कळांनी खेळला असेल. समोर शत्रूचं विमान, हातात जॉयस्टिक. चाप दाबला की पंखांतून लाल-केशरी ठिणग्यांची माळ सुटते आणि थेट शत्रूच्या विमानावर जाताना दिसते. तुम्ही मनात म्हणता, ‘संपला!’ पण तो पठ्ठ्या आरामात वळतो, निघून जातो आणि थोड्याच वेळात तुमच्याच शेपटीमागे येऊन बसतो!

असं का होतं? खेळात लबाडी आहे का? मुळीच नाही. ठिणग्या शत्रूला लागताना तुम्हाला ‘दिसल्या’, पण त्या लागल्याच नव्हत्या. खऱ्या युद्धात भल्याभल्या वैमानिकांनाही हा चकवा बसला आहे. तो कसा बसतो आणि त्यातून कसं सुटायचं, ते आज पाहू या.

गोळीच्या पाठीत फुलबाजी

या ठिणगीवाल्या गोळीला म्हणतात ट्रेसर, म्हणजे माग दाखवणारी गोळी. साधी गोळी बंदुकीतून सुटली की दिसत नाही. सेकंदाला ८०० मीटरपेक्षा जास्त वेगाने जाणारी बोटाएवढी वस्तू दिसणार तरी कशी? म्हणून गोळीच्या मागच्या बाजूला एक पोकळी ठेवतात आणि तिच्यात जळणारं मिश्रण ठासतात. काडतुसातली दारू पेटली की तिच्या ज्वाळेने हे मिश्रणही पेटतं आणि गोळी जळत जळत पुढे जाते.

या मिश्रणातल्या काही वस्तू तुमच्या ओळखीच्याच आहेत, बरं का! शोभेच्या दारूकामात झगझगीत उजेडासाठी मॅग्नेशियमची पूड वापरतात, लाल रंगासाठी स्ट्राँशियमचे क्षार आणि हिरव्या रंगासाठी बेरियमचे. ट्रेसरमध्येही हीच मंडळी असतात. म्हणजे गोळीच्या पाठीला एक इवलीशी फुलबाजीच बांधलेली म्हणा ना! पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, ब्रिटिशांनी अशा गोळ्या वापरायला सुरुवात केली.

पण मशीनगनच्या पट्ट्यातली प्रत्येक गोळी ट्रेसर नसते. पुष्कळदा चार साध्या गोळ्या आणि मग एक ट्रेसर, अशी रचना असते. आता अमेरिकेचं पी-५१ मस्टँग विमान घ्या. त्याच्या पी-५१डी या प्रकारात सहा मशीनगन होत्या. प्रत्येकीतून मिनिटाला साधारण ८०० गोळ्या सुटत. म्हणजे सहाजणींच्या मिळून सेकंदाला ८०! पाचातली एक ट्रेसर धरली, तर सेकंदाला १६ ठिणग्या दिसतील आणि ६४ गोळ्या न दिसताच निघून जातील. आपण जे पाहतो ते मूठभर, न दिसणारंच जास्त!

आबाधुबीचं गणित

आबाधुबी खेळताना पळणाऱ्या मित्राला चेंडू कसा मारता? तो जिथे आहे तिथे मारलात तर चेंडू त्याच्या पाठीमागून जातो. तो जिथे पोचणार आहे, तिथे मारावा लागतो. आकाशातही नेमकं हेच करायचं असतं. फक्त आकडे जरा मोठे आहेत.

समजा, शत्रूचं विमान ताशी ५४० किलोमीटर वेगाने तुमच्या समोरून आडवं चाललं आहे. म्हणजे सेकंदाला १५० मीटर. ते तुमच्यापासून ३०० मीटरवर आहे. गोळीचा सरासरी वेग सेकंदाला ७५० मीटर धरू. (तुमच्या विमानाचा वेगही गोळीला मिळतो, पण हिशेब सोपा राहावा म्हणून तो बाजूला ठेवू.) तिथवर पोचायला गोळीला किती वेळ लागेल? ३०० भागिले ७५०, म्हणजे ०.४ सेकंद. तेवढ्यात शत्रू किती पुढे सरकेल? १५० गुणिले ०.४, म्हणजे तब्बल ६० मीटर!

दुसऱ्या महायुद्धातलं स्पिटफायर विमान सुमारे नऊ मीटर लांबीचं होतं. म्हणजे नेम धरायचा तो विमानाच्या नाकावर नाही, तर त्याच्यापुढे साडेसहा विमानं मावतील इतक्या अंतरावर, कोऱ्या आकाशात! विमान आडवं न जाता ३० अंशाच्या कोनात जात असेल, तर हे अंतर निम्मं होतं. आणि तुम्ही बरोबर त्याच्या शेपटीमागे असाल तर जवळजवळ शून्य. म्हणून तर प्रत्येकजण दुसऱ्याची शेपटी गाठायला धडपडतो!

शिवाय त्या ०.४ सेकंदात गुरुत्वाकर्षणामुळे गोळी पाऊण मीटरभर खाली येते, ते वेगळंच.

ठिणगीचे चार चकवे

तुम्ही म्हणाल, ‘गणित कशाला? ठिणग्या दिसतात ना! त्या शत्रूवर पडेपर्यंत विमान वळवायचं, झालं!’ चकवा बसतो तो इथेच. नीट पाहा.

पहिला चकवा वाकण्याचा. रबरी पाइपाने झाडांना पाणी घालताना पाइप भरभर डावीकडून उजवीकडे फिरवा. पाण्याची धार वाकडी दिसते. खरं तर प्रत्येक थेंब सरळच पुढे गेलेला असतो, फिरला तो तुमचा हात. वळत्या विमानातून झाडलेल्या ठिणग्याही अशाच वाकलेल्या भासतात. गोळी आपल्या वाटेने सरळ जाते, विमान आणि तुम्ही मात्र वळलेले असता.

दुसरा चकवा खोलीचा. एक प्रयोग करा. एक डोळा मिटा, दोन हातांत दोन पेन्सिली आडव्या धरा आणि त्यांची टोकं एकमेकांना झटकन टेकवून पाहा. बहुतेक वेळा चुकेल! दोन डोळ्यांनी मिळून आपल्याला अंतर कळतं, पण तेही जवळच्या वस्तूंचं. ३०० मीटरवरची ठिणगी विमानाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे दोन्ही डोळे उघडे ठेवूनही सांगता येत नाही. कॉम्प्युटरचा पडदा तर सपाटच! ठिणगी आणि विमान एका रेषेत आले की डोळा म्हणतो, ‘लागली!’ प्रत्यक्षात ती बरीच मागून गेलेली असते.

तिसरा चकवा शिळ्या बातमीचा. शत्रूजवळ आत्ता दिसणारी ठिणगी तुम्ही ०.४ सेकंदापूर्वी झाडली होती. तेव्हा तुमच्या विमानाचं नाक वेगळ्या दिशेला होतं. ती पाहून नाक वळवणं म्हणजे कालचं वर्तमानपत्र वाचून आजची मॅच खेळणं!

चौथा चकवा वजनाचा. ट्रेसर जळत जाते तशी ती हलकी होते. हवेचा विरोधही तिला साध्या गोळीपेक्षा वेगळा होतो. त्यामुळे दोघींच्या वाटा हळूहळू वेगळ्या होतात. जवळच्या अंतरावर फरक किरकोळ, पण लांब जाल तसा वाढत जाणारा.

आणि या चारांवर कडी म्हणजे ठिणगी शत्रूलाही दिसते! त्याला तुमचा पत्ताच नसताना तुम्ही लांबून माळ सोडलीत, तर तुम्हीच त्याला सावध केलंत.

जुने उस्ताद काय करत?

१९४० साली ब्रिटनवरच्या हवाई लढाईत स्पिटफायरच्या आठ मशीनगनना प्रत्येकी ३०० गोळ्या मिळत. सलग मारा केला तर हा सगळा साठा सुमारे १५ सेकंदांत संपे. विचार करा, जिवाची बाजी लावून वर जायचं आणि हातात १५ सेकंद! एकही सेकंद वाया घालवणं परवडणारं नव्हतं.

तेव्हा तिथे ‘सेलर’ मॅलन नावाचा दक्षिण आफ्रिकेचा वैमानिक होता. त्याने हवाई लढाईचे दहा नियम लिहिले. अगदी जवळ जा, नेम पक्का बसला की एक-दोन सेकंदांचाच मारा करा, हे त्यातलं पहिलंच सांगणं. पंखांतल्या मशीनगन किंचित आत वळवून त्यांच्या गोळ्या एका ठरावीक अंतरावर एकत्र येतील अशी जुळणी करत. आधी हे अंतर जास्त असे. अनुभवी वैमानिकांनी ते २५० यार्डांवर, म्हणजे सुमारे २३० मीटरवर आणलं. जर्मनीचा एरिश हार्टमान तर शत्रूच्या विमानाने समोरची काच भरून जाईपर्यंत थांबे. त्याच्या नावावर ३५२ विमानं आहेत. इतक्या जवळ गेल्यावर ना गणिताची कटकट, ना ठिणगीची गरज!

त्याच लढाईत ‘डी वाइल्ड’ नावाच्या गोळ्या वैमानिकांच्या विशेष आवडीच्या होत्या. त्या जाताना माग दाखवत नसत, पण लक्ष्यावर आदळल्या की लख्ख चमकत. म्हणजे ‘लागली’ हे डोळ्याच्या भासावरून नाही, तर खरोखर लागल्यावरच कळे.

मग ट्रेसर अगदीच कुचकामी का? छे! आपला मारा साधारण कुठे चालला आहे, हे ती सांगते. जमिनीवरच्या लक्ष्याच्या बाबतीत तर माती कुठे उडते तेही दिसतं, त्यामुळे तिचा उपयोग अधिक. काही वैमानिक पट्ट्याच्या शेवटी मुद्दाम ट्रेसर भरून घेत. ठिणग्या दिसू लागल्या की समजायचं, गोळ्या संपत आल्या, आता घरचा रस्ता धरा!

आता तुमची पाळी

‘मायक्रोसॉफ्ट कॉम्बॅट फ्लाइट सिम्युलेटर’ (१९९८) आणि ‘आयएल-२ श्तुर्मोविक’ (२००१) या खेळांनी जगभरच्या मुलांना ही विमानं उडवायला शिकवली. चांगल्या सिम्युलेटरमध्ये गोळीचा वेग, हवेचा विरोध आणि गुरुत्वाकर्षण यांचा हिशेब असतो, म्हणून हे चकवेही तिथे खऱ्यासारखेच बसतात. ‘वॉर थंडर’सारख्या खेळात तर पट्टाही निवडता येतो: ट्रेसरने भरलेला किंवा एकही ट्रेसर नसलेला.

मग असं करून पाहा:

१. गोळ्या एकत्र येण्याचं अंतर २०० ते ३०० मीटरवर ठेवा आणि त्या अंतरात शिरेपर्यंत चापावरचं बोट आवरा.

२. नजर नेमाच्या वर्तुळावर ठेवा, ठिणगीवर नाही. शत्रूच्या पुढे किती नेम धरायचा ते आधी ठरवा, मगच चाप दाबा.

३. मारा एका सेकंदाचा. थांबा. ठिणग्या पुढून गेल्या की मागून, एवढंच पाहा. नेम सुधारा, पुन्हा एक सेकंद.

४. अंदाज चुकणारच असेल तर तो पुढच्या बाजूला चुकू द्या. पुढे पडलेल्या गोळ्यांत शत्रू आपणहून शिरू शकतो, मागे पडलेल्या मात्र फुकट गेल्या.

५. ठिणगी पोचली यावर समाधान मानू नका. विमानावर चमक दिसली, तुकडा उडाला, धूर निघाला, तरच लागली असं समजा.

६. आठवडाभर ट्रेसरच्या पट्ट्याने सराव करा. मग बिनट्रेसरचा पट्टा लावा. तरीही नेम लागला, तर तुम्ही खरे तयार झालात!

पुन्हा सुरू करायचं बटण

खेळात विमान पडलं की आपण एक बटण दाबतो आणि नवं विमान मिळतं. खऱ्या आकाशात तसलं बटण नव्हतं. कोलकात्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होता. जुलै १९१८ मध्ये, जेमतेम दोन आठवड्यांत, त्याने दहा हवाई विजय मिळवले. २२ जुलै १९१८ रोजी फ्रान्सच्या आकाशात लढताना त्याचं विमान पडलं. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. तुमच्या शेजारचा कॉलेजात जाणारा दादा असतो ना, तेवढा! त्याने पाडलेल्या विमानांतही अशीच कोणाची तरी मुलं बसलेली होती.

म्हणून खेळा जरूर, गणित करा, नेम सुधारा, चुकलात तर हसा आणि पुन्हा उडा. मात्र पडद्यावरची ती लाल ठिणगी सुंदर दिसली, तरी खऱ्या आकाशात ती कोणासाठी काय घेऊन जात होती, तेही ध्यानात असू द्या.

तर मग, दोस्तांनो, पुढच्या वेळी चाप दाबाल तेव्हा ठिणगीच्या मागे जायचं नाही. शत्रूच्या पुढे जायचं!