कोड लिहिणं सोपं झालं, अवघड काय उरलं?

नाहूरच्या टॉवरांतून रोज सकाळी पाठीला लॅपटॉप लावून बाहेर पडणारी मुलं-मुली कुणी पवईला जातात, कुणी खाडीपूल ओलांडून ऐरोलीला. शेजारी त्यांना हल्ली एकच विचारतात: कोड आता एआय लिहितं, मग तुम्ही काय करता? मुंबईत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत साठ वर्षं फिरतो आहे.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला टिफ्रॅक १९६० साली सुरू झाला. स्मृती अवघी २,०४८ शब्दांची, आज्ञा यंत्राच्या भाषेत. १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० आला आणि फोरट्रानमुळे शास्त्रज्ञ सूत्रासारखं लिहू लागले; यंत्रभाषेची कटकट कंपायलरने घेतली. पुढे १९७४ च्या सुमारास टीसीएसने बरोज कंपनीच्या एका संगणकावरची कोबोलमधली इस्पितळाची प्रणाली दुसऱ्या संगणकाच्या कोबोलमध्ये रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने बदलून दिली, तीही बरोजचं यंत्र हाताशी नसताना. म्हणजे कोडवर काम करणारा कोड मुंबईला नवा नाही.

वायटूकेच्या, म्हणजे सन २००० च्या तारखांच्या घोळाच्या, वेळी सीप्झमधल्या पोरांनी इतरांचं जुनं कोबोल वाचत दोन आकडी वर्षं शोधली. त्याला हमाली म्हणून हिणवलं गेलं. माझ्या मते तीच खरी तालीम होती.

संगणकशास्त्रज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये मांडलं, की साधनांमुळे येणारी अडचण कमी होत जाईल, विषयाच्या पोटातली राहील. नाहूरच्या एखाद्या सोसायटीचं देखभाल बिल घ्या. आदर्श उपविधींत थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज, भाडेकरू असल्यास सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क. एवढं कुणीही लिहील. पण सभासदाने निम्मीच रक्कम भरली, तर ती आधी व्याजात वळती करायची की मुद्दलात? भाडेकरू महिन्याच्या मधेच आला तर? कमिटीतल्या दोघांची दोन उत्तरं येतात. प्रोग्रामरला त्यातलं एक ठरवून घ्यावं लागतं, आणि चिटणीस बदलला की पुन्हा वाद.

कोड सुचवणारा कोपायलट २०२१ मध्ये आला, चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कार्पथी यांनी 'वाइब कोडिंग' हे नाव दिलं: सांगायचं, चालवायचं, कोडकडे बघायचंही नाही. गंमत म्हणून ठीक. पण वर विचारलेल्या प्रश्नांवर यंत्र मुकाट्याने अंदाज करून मोकळं होऊ शकतं. कोड नेटका दिसतो आणि चूक मार्चच्या ऑडिटमध्ये सापडते. लिहिण्याचा वेळ वाचला, तो वाचण्यात जातो.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार नोकऱ्या, मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतल्या, कमी करण्याचं जाहीर केलं. कारण कौशल्यं जुळत नसल्याचं दिलं, एआयचं नव्हे. मला धास्ती खालच्या फळीची जास्त वाटते: ज्या फुटकळ दुरुस्त्या करत नवखी मुलं शिकत, त्याच यंत्राकडे चालल्या आहेत.

म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयांना विनंती: प्रॅक्टिकलला कोरा पडदा देऊन प्रोग्राम लिहायला लावू नका. दुसऱ्याचा हजार ओळींचा कोड द्या, चूक शोधायला सांगा आणि ती चूक का आहे, हे तोंडी विचारा.