एकटीची नाट्ययात्रा

मोडनिंबच्या माणसाला नाटकाचें अप्रूप कां वाटावें, असें कोणी विचारील. आमच्या गांवाचें नांव दूरवर ठाऊक आहे तें येथील लावणीच्या कलाकेंद्रांमुळें. परंतु घरंदाज म्हणविणाऱ्या आम्ही बायका त्या दारांतून कधीं आंत जात नाहीं. कला हांकेच्या अंतरावर आणि आम्ही तिच्याकडे पाठ करून बसलेल्या, असा हा विलक्षण प्रकार आहे. त्यांत उणेपणा कलावतींचा नव्हे, आमचा. पन्नाशी उलटेपर्यंत मीं नाटकें पाहिलीं तीं कोणाच्या तरी सोबतीनें आणि त्या सोबतीच्या सवडीनें. सोबत मिळाली नाहीं कीं नाटक हुकत असे. शेवटीं एकटीनेंच जावयाचें ठरविलें. त्या अनुभवावरून आज चार शब्द बोलतें.

प्रथम शहर ठरवावें. सोलापूर आम्हांस जवळ. तेथील हुतात्मा स्मृतिमंदिरांत दौऱ्यावरील नाटकें येतात. तेव्हां जें नाटक पाहावयाचें तें तिकडेच येणार नाहीं ना, याची आधीं चौकशी करावी. परंतु दोन दिवसांत दोन निराळ्या जातीचीं नाटकें पाहावयाचीं, तर पुणेंच बरें. महामार्गानें तें सुमारें १८५ किलोमीटर आहे. आगगाडी पसंत असणारांनीं कुर्डुवाडीस जाऊन मुख्य मार्गाची गाडी धरावी.

दिवस शनिवार-रविवारचे घ्यावे, कारण प्रयोग त्याच दिवशीं दाटीनें असतात : दुपारीं साडेबाराच्या सुमारास, सायंकाळीं पांच-साडेपांचला आणि रात्रीं नऊनंतर. हें पाहून मोह होतो कीं, दोन दिवसांत चार-पांच उरकून घ्यावीं. मीं एकदां तसें केलें आणि तिसऱ्या नाटकांतील नायिका दुसऱ्यांतील नवऱ्याशीं भांडते आहे असें मला वाटूं लागलें! दोनच पाहावीं. एक व्यावसायिक, बालगंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहांत. दुसरें प्रायोगिक, शनिवार पेठेंतील सुदर्शन रंगमंचासारख्या लहान जागेंत, जेथें नटाचा श्वासही ऐकूं येतो. सदाशिव पेठेंतील भरत नाट्य मंदिरांत कांहीं असेल तर तेंही पाहावें. ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजीं तेथेंच झाला.

एकटेपणाचा एक उघड लाभ तिकिटाच्या खिडकीवर मिळतो. कुटुंबें चार-चार, सहा-सहा जागा धरतात आणि त्यांच्या मध्यें एखादी खुर्ची एकाकी उरते. लंडनच्या लेस्टर चौकांत त्याच दिवसाचीं उरलेलीं तिकिटें सवलतीनें विकणारी खिडकी १९८० मध्यें निघाली. आपल्याकडे सवलत नसली तरी प्रयोगापूर्वीं अर्धा तास विचारलें, तर पांचव्या-सहाव्या रांगेंतील अशी खुर्ची कित्येकदां मिळते. मात्र ज्या नाटकासाठींच प्रवास करावयाचा, त्याचें तिकीट आधींच काढावें आणि निघण्याच्या सकाळीं प्रयोग रद्द झालेला नाहीं याची खात्री करून घ्यावी.

आतां मुक्कामाविषयीं, खरी अडचण येथेंच आहे. माझ्या पहिल्या खेपेस एका निवासगृहाच्या व्यवस्थापकानें, खोली राखून ठेविलेली असूनही, ‘एकट्या बाईस देत नाहीं’ म्हणून मला दारांतूनच परत फिरविलें. हातांत पिशवी, साडेपांचाचें तिकीट, आणि घड्याळांत पांच वाजलेले. दुसरी खोली शोधीपर्यंत पहिला अंक गेला. अपमानापेक्षां त्या गेलेल्या अंकाचें दुःख मला अधिक झालें, हें कबूल करतें. तेव्हांपासून खोली ठरवितांनाच मी ‘एकटी येणार आहें आणि रात्रीं साडेबाराला परतेन’ असें स्पष्ट सांगतें व होकार लेखी मागवितें. जागा नाट्यगृहापासून चालत जातां येईल अशी घ्यावी. प्रयोग सुटल्यावर रिक्षांसाठीं फार झुंबड उडते. घरीं एका माणसाजवळ पत्ता व नाटकाची वेळ लिहून ठेवावी, म्हणजे त्यांनाही झोंप लागते.

त्या सायंकाळीं उशिरा कां होईना, बालगंधर्व रंगमंदिरांत शिरलें, तेव्हां मनांत एक गंमत आली. १९६८ मध्यें उघडलेल्या या वास्तूला ज्यांचें नांव आहे, ते पुरुष असून स्त्रीभूमिकांमुळें घराघरांत पोंचले. त्या काळीं घरंदाज स्त्रीला रंगमंचावर पाय ठेवण्याची सोय नव्हती. १९३३ मध्यें ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच केल्या, तीसुद्धां मोठी घटना ठरली. रंगमंचावर स्त्री आली. प्रेक्षागृहांत तिनें एकटें यावें, याला मात्र अजून निवासगृहाचा व्यवस्थापक राजी नाहीं.

मध्यंतराची धास्ती मला सर्वांत अधिक होती. सगळे घोळक्यानें बटाटेवडा खात असतां आपण कोठें उभें राहावें? उत्तर सोपें निघालें : वड्याच्या रांगेंत. पुढच्या बाईनें विचारलें, ‘पहिला अंक कसा वाटला?’ मीं खरें तें सांगितलें. तिनें वडा हातांत घेऊन मला पहिला अंक सबंध सांगितला, आणि तो तिनें बराच चांगला सांगितला.

परतल्यावर शेजारच्या दोघींनीं पुढच्या खेपेस येण्याचें कबूल केलें आहे. तत्पूर्वीं आम्ही तिघी गांवांतील कलाकेंद्रांत लावणी पाहावयास जाणार आहोंत. वेळ विचारून ठेविली आहे.